पांडुरंग वासुदेव सुखात्मे

पांडुरंग वासुदेव सुखात्मे (२७ जुलै, इ.स. १९११ – २८ जानेवारी, इ.स. १९९७) हे मराठी संख्याशास्त्रज्ञ होते. नमुना पाहणीचे शास्त्र आणि लोकसंख्येतील भूक व कुपोषण मोजण्याच्या पद्धती यांतील कार्यासाठी ते ओळखले जातात.

जन्म व शिक्षण

सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १९३२ मध्ये गणित विषय घेऊन पदवीधर झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून त्यांनी १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्‌सी. या पदव्या मिळविल्या.

कार्य

भारतात परतल्यावर कलकत्त्यात काही काळ अध्यापन करून १९४० मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी शेतातील फार लहान तुकडा कापल्यास सीमेवरची रोपे आत धरली जाऊन अंदाज फुगतो, हे त्यांनी १९४६ मध्ये दाखविले. नमुना पाहणीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९५१ ते १९७० या काळात ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक होते. जगातील दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, असे त्या काळी म्हटले जाई. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये उपलब्ध पाहण्या तपासून दहा ते पंधरा टक्के लोकांना पुरेसे अन्न मिळत नाही व सुमारे निम्म्या लोकांचा आहार संख्येने किंवा गुणाने अपुरा आहे, असा अंदाज मांडला. प्रथिनांची कमतरता हा स्वतंत्र प्रश्न नसून मुख्यतः एकूण अन्न अपुरे पडल्याचा परिणाम आहे, असेही त्यांचे मत होते.

उष्मांकांचा वाद

वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई रोज २,२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्यरेषा मांडली. सुखात्मे यांनी या पद्धतीस आक्षेप घेतला. माणसागणिक गरज वेगळी असतेच. शिवाय एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दांडेकर आणि आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी त्यावर टीका केली. रेषा खाली आणल्यास खरे उपाशी लोक गणनेतून सुटतील, अशी टीकाकारांची भीती होती. रेषेच्या जागेवर मदत कोणास मिळणार हे ठरत असल्याने हा वाद केवळ पंडिती नव्हता. १९९२-९३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथील आदिवासी बालकांच्या मृत्यूंनी कुपोषणाचा प्रश्न राज्यभर ऐरणीवर आणला.

उत्तरायुष्यात पुण्यात राहून सुखात्मे यांनी शुद्ध पाणी व स्वच्छतेवर भर दिला. वारंवार जंतुसंसर्ग होत राहिल्यास खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, असे ते मांडत.

सन्मान

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे रौप्य गाय पदक आणि पद्मभूषण (१९७१).