बालगंधर्वांनी नेमकं कधी थांबायला हवं होतं? यशाच्या शिखरापासून साठीतल्या 'सिंधू'पर्यंतचा प्रवास

एखादा क्रिकेटपटू फॉर्म गेल्यावरही खेळत राहिला किंवा एखादा हिरो पन्नाशीत कॉलेजकुमार झाला की सोशल मीडियावर एकच प्रश्न येतो, हा थांबत का नाही? मराठी रंगभूमीवर हा प्रश्न सर्वात जास्त कुणाबद्दल विचारला गेला असेल, तर तो बालगंधर्वांबद्दल. आज त्यांच्या नावाचं नाट्यगृह सगळ्यांना माहीत आहे, २०११ मध्ये आलेला सुबोध भावेंचा चित्रपटही अनेकांनी पाहिला आहे. पण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध हा पूर्वार्धापेक्षा लांब होता, हे फारसं लक्षात घेतलं जात नाही.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी पुण्यात त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'बालगंधर्व' म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. गाण्याची तालीम भास्करबुवा बखले यांच्याकडे. १९०५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, छत्रपती शाहू महाराजांच्या पाठिंब्याने ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून रंगमंचावर उभे राहिले. त्या काळी नामांकित मंडळ्यांमध्ये स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. त्यामुळे बालगंधर्व स्त्रीची भूमिका करतात यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते ज्या पद्धतीने करतात त्याचं. त्यांची साडी नेसण्याची, गजरा माळण्याची पद्धत घरंदाज बायका उचलत होत्या.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांच्या लहानग्या मुलीचं निधन झालं. प्रयोग रद्द झाला नाही. घरी दुःख आणि रंगमंचावर ठसक्यातली भामिनी. ही गोष्ट त्यांच्या थोरवीचा पुरावा म्हणून शंभर वर्षं सांगितली जात आहे. खरं तर पुढच्या सगळ्या गोष्टींची किल्लीही इथेच आहे. ज्या माणसाने त्या दिवशी पडदा पडू दिला नाही, तो नंतर कुठल्या कारणाने पाडू देणार होता?

मालक झाले आणि अडकले

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोघेही भागीदार बाहेर पडले आणि मंडळीचा सगळा भार एकट्या नारायणरावांवर आला. १९१६ चं 'स्वयंवर', १९१९ चं 'एकच प्याला' ही याच काळातली नाटकं. रुक्मिणी आणि सिंधू ही दोन टोकं. एक भरजरी राजकन्या, दुसरी दारुड्याच्या घरात जात्यावर दळणारी बायको. दोन्ही भूमिकांमध्ये प्रेक्षक वेडे झाले.

खर्चाचा हिशोब मात्र कधीच जुळला नाही. खऱ्या जरीचे शालू, अत्तरं, तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, आणि पंक्तीला जेवणाऱ्या मंडळींची तर गणतीच नाही. एका शोचं उत्पन्न आणि एका शोचा खर्च अशी साधी शीट कुणी मांडली असती, तर लाल आकडे लगेच दिसले असते. पण मांडणार कोण? १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जात असल्याचं उघड झालं.

त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, तर प्रतिस्पर्धी ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर. तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेलं. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी. केशवराव त्यामुळे प्रेक्षकांच्या आठवणीत कायम तरुण राहिले. बालगंधर्वांच्या वाट्याला ते आलं नाही. त्यांनी कर्ज अंगावर घेतलं, चाहत्यांनी पैसे उभे करून फेडण्याची तयारी दाखवली तरी नाकारली आणि पुढच्या काही वर्षांत प्रयोगांच्या उत्पन्नातून ते फेडलं. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वात अभिमानाचा भाग. पण याच काळात थांबण्याचा विचार करायलाही त्यांना सवड नव्हती, हेही तितकंच खरं.

१९३१ ते १९३५ : दार उघडं होतं

थांबण्याची योग्य वेळ कोणती, या प्रश्नाचं सर्वात सरळ उत्तर हीच पाच वर्षं. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये मराठीत 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. नाटकाच्या तिकिटापेक्षा स्वस्तात गाणं, चेहरा आणि खरीखुरी नायिका पडद्यावर मिळू लागली. रंगभूमीवरही स्त्रिया येत होत्या. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाट्यसंस्था काढली होती. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली. पुरुषाने नायिका होण्याची परंपरा डोळ्यांदेखत संपत होती. तेव्हा बालगंधर्व ४५ वर्षांचे होते आणि शरीर सुटलं होतं. नव्या नाटकांत 'कान्होपात्रा' चाललं, त्यातल्या अभंगांनी घराघरात जागा केली. पण ते गाण्यामुळे चाललं, रूपामुळे नव्हे.

आणि बाहेर पडायची वाट समोरून चालत आली. प्रभात फिल्म कंपनीने त्यांना चित्रपटात घेतलं. व्ही. शांताराम दिग्दर्शक, १९३५ चा 'धर्मात्मा', भूमिका संत एकनाथांची. म्हणजे पुरुष भूमिका, वयाला शोभणारी, भजनाला वाव देणारी. यापेक्षा चांगला ट्रान्झिशन प्लॅन आजच्या कुठल्या एजन्सीलाही सुचला नसता. पण कॅमेऱ्यासमोर तुकड्या-तुकड्याने काम करणं त्यांना मानवलं नाही. समोर प्रेक्षक नाही, वन्स मोअर नाही. प्रभातबरोबरचा बेत अनेक चित्रपटांचा होता, झाला एकच. त्यानंतर १९३७ मध्ये ते पुन्हा पडद्यावर आले ते 'साध्वी मीराबाई'मध्ये, मीरेच्या रूपात, वयाच्या ४९ व्या वर्षी. जवळून घेतलेल्या कॅमेऱ्याने वय लपवलं नाही. चित्रपट पडला.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी. स्त्रीभूमिका थांबवणं आणि गाणं थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. गळा तेव्हाही शाबूत होता. मैफल, रेकॉर्ड, रेडिओ, भजन या सगळ्या वाटा मोकळ्या होत्या आणि गवयाला वयाची अट नसते. त्यांनी फक्त शालू बाजूला ठेवायचा होता. तो ठेवला गेला नाही, यात हट्ट होता, पण केवळ हट्ट नव्हता. मंडळी बंद करणं म्हणजे नट, वादक, आचारी, पडदेवाले अशा कितीतरी लोकांची चूल विझवणं. पेन्शन हा शब्द त्या धंद्यात नव्हताच.

गोहरबाई आल्या

१९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्यांची गायकी बालगंधर्वांच्या वळणावर गेलेली. त्यांनी नायिका करायची आणि बालगंधर्वांनी नायक, अशी नवी मांडणी झाली. कागदावर ही दुरुस्ती अगदी बरोबर होती. फक्त प्रेक्षकांना ती नको होती. ज्यांनी त्यांना रुक्मिणी म्हणून पाहिलं होतं, त्यांना मिशी लावलेले नारायणराव पटेनात. १९४० मध्ये पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. पुढे बालगंधर्व आणि गोहरबाई एकत्र राहू लागले आणि जवळची बरीच माणसं दुरावली.

मंडळीच्या पडझडीचं खापर गोहरबाईंवर फोडण्याची पद्धत मराठीत रूढ आहे. पण वर्षं पाहिली तर हिशोब लागत नाही. बोलपट, कर्ज, वय आणि बदललेली रंगभूमी हे सगळं त्या येण्याआधीच घडून गेलं होतं. म्हातारपणात, आजारपणात आणि पैशाच्या तंगीत सोबत राहिली ती हीच बाई.

साठीच्या उंबरठ्यावर आणि त्यानंतरही ते अधूनमधून पुन्हा लुगडं नेसून उभे राहिले. नाट्यगृहात दोन पिढ्या शेजारी बसलेल्या असत. जुन्यांना समोरच्या म्हाताऱ्या नटाच्या पलीकडे १९१९ ची सिंधू दिसत असे. तरुणांना मात्र जे होतं तेच दिसे, आणि वडीलधारे डोळे का पुसत आहेत ते कळत नसे. त्यांची फक्त अशीच आठवण घेऊन एक अख्खी पिढी मोठी झाली, हे या लांबलेल्या कारकिर्दीचं खरं नुकसान. अखेर निर्णय त्यांनी घेतला नाही, तो पायांनी घेतला. चालणं बंद झालं आणि मागे उरलं ते बसून गायलेलं भजन.

१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांचं निधन झालं.

पुण्यातल्या रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ मध्ये त्यांच्याच हातून झालं होतं. उद्घाटन झालं २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या ८० व्या जन्मदिनी, ते गेल्यानंतर वर्षभराच्या आत. तिथे चित्रकार गोपाळ देऊस्कर यांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. दोन्हींत ते तरुण आहेत.