मनगटाचा अस्थिभंग ओळखणारे अब्राहम कॉलिस

तोल जाऊन पडणारा माणूस नकळत तळहात पुढे टेकवतो. शरीराचा भार मनगटावर येतो आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस हे हाड सांध्याच्या किंचित वर मोडते. ओल्या न्हाणीघरात पाय घसरलेल्या आजीबाईंच्या बाबतीत हमखास आढळणारी ही दुखापत वैद्यकात कॉलिस फ्रॅक्चर या नावाने ओळखली जाते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये तिचे नेमके वर्णन केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला ८१ वर्षे अवकाश होता.

कॉलिस यांचा जन्म १७७३ चा, आयर्लंडमधील किल्केनी गावाजवळचा. घरचा व्यवसाय काळ्या संगमरवराचा. वडील लवकर निवर्तल्यावर आईनेच व्यवसाय आणि मुलांचे शिक्षण निभावले. नदीच्या पुरात एका डॉक्टरांचे शरीररचनेचे पुस्तक वाहून गेले, ते छोट्या अब्राहमला सापडले आणि परत करायला गेला असता डॉक्टरांनी ते त्यालाच देऊन टाकले, अशी आख्यायिका सांगतात. पुढे डब्लिन आणि एडिंबरा येथे शिक्षण झाले. १७९७ मध्ये पदवी मिळवून त्यांनी एडिंबराहून थेट लंडन गाठले, तेही पायी! तेथे काही काळ नामवंत शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांच्या शवविच्छेदनाच्या कामात त्यांनी साह्य केले.

डब्लिनमधील व्यवसायाच्या पहिल्या वर्षी जेमतेम आठ-नऊ पौंड हाती आले. त्यांच्या फीच्या वहीतील नोंदी मोठ्या गमतीच्या आहेत. बहिरेपणावर दिलेला निरुपयोगी सल्ला, दाताचे खुंट काढण्याचा फसलेला प्रयत्न, अशा कामांसाठी घेतलेले पैसे त्यांनी स्वतःच तसे लिहून ठेवले आहेत. स्वतःला न फसवण्याचा हा स्वभाव पुढे त्यांच्या वैद्यकातही उतरला. १८०२ मध्ये, तिशीही गाठली नसताना, ते आयर्लंडच्या शल्यचिकित्सक महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. १८०४ पासून १८३६ पर्यंत त्यांनी तेथे प्राध्यापकी केली.

मनगटाच्या या दुखापतीकडे त्या काळी सांधा मुरगळला किंवा निखळला, असे समजून पाहिले जाई. हाड मोडल्याचे कोणाच्या ध्यानातच येत नसे. निदान चुकले की उपचारही चुकत आणि हात वाकडाच जुळे. फ्रान्समधील पूतो यांनी याविषयी पूर्वी लिहिले होते, पण ते फारसे कोणापर्यंत पोहोचले नव्हते. कॉलिस यांना अशा मनगटाचे विच्छेदन करून पाहण्याची संधी मिळाली नव्हती. त्यांचा सारा भरवसा बोटांच्या स्पर्शावर. रुग्णाचा हात ताणून धरला की मनगट पूर्ववत दिसते आणि ताण सोडताच बाक परत येतो, हे त्यांनी हेरले. हात ताणलेला असतानाच मनगट मागे-पुढे हलवले, तर तुटलेली टोके लवत असल्याचे बोटांना जाणवे. सांधा निखळला असता, तर असे घडले नसते.

उपचारही त्यांनी सांगितला. हाड ताणून जागेवर बसवावे आणि हाताच्या पुढून व मागून पत्र्याच्या पट्ट्या बांधून ते हलू देऊ नये. उपचार न झालेला हातही कालांतराने बहुतांशी मोकळा हलतो, वेदना थांबतात, मात्र व्यंग जन्मभर राहते, असेही त्यांनी नोंदवले. नंतरच्या काहींनी यातले पहिले अर्धेच लक्षात ठेवले आणि वाकडा जुळलेला हातही चालतो, असा सोयीचा अर्थ काढला. कॉलिस यांच्या लेखाशी तो मुळीच प्रामाणिक नव्हता. प्लास्टरचे बँडेज त्यांनी पाहिलेच नाही. ते डच लष्करी शल्यचिकित्सक मॅथायसेन यांनी १८५१ मध्ये तयार केले. पत्र्याच्या जागी प्लास्टर आले, पण हाड आधी जागेवर बसवायचे आणि मग स्थिर ठेवायचे, हा क्रम तोच राहिला.

कॉलिस यांनी १८३९ मध्ये देऊ केलेली बॅरोनेट ही पदवी नाकारली. १८४३ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या आजाराचे मूळ कळावे म्हणून मृत्यूनंतर आपले शरीर उघडून तपासावे, अशी इच्छा त्यांनी आधीच व्यक्त केली होती. ती तपासणी रॉबर्ट स्मिथ यांनी केली. याच स्मिथ यांनी १८४७ च्या ग्रंथात कॉलिस यांची एक चूकही दुरुस्त केली. कॉलिस यांनी भंगाची जागा सांध्यापासून दीड इंच वर मानली होती, ती प्रत्यक्षात सांध्याच्या अधिक जवळ असते. तुटलेले टोक उलट, म्हणजे तळहाताच्या बाजूला सरकलेल्या अस्थिभंगाचे वर्णनही त्याच ग्रंथात आहे आणि त्याला स्मिथ यांचे नाव मिळाले.