टाके निघाले, हात चालला का?

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. ती शिवून घेतली, टाके निघाले, की रुग्णाला वाटते आपण बरे झालो. हात कामाला लागेपर्यंत उपचार संपत नाहीत, हे डॉ. नोशीर अंतिया यांच्या आयुष्यातून कळते.

1922 मध्ये हुबळीत जन्मलेले अंतिया मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरीचे आद्य गुरू सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली तयार झाले. 1950 च्या दशकात मायदेशी येऊन त्यांनी पुण्याजवळ कोंढव्यात कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि पुढे जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला.

कुष्ठरोगात नस निकामी झाली की बोटे आकडीसारखी वळतात, घास उचलणेही अवघड होते. अशा वेळी चांगल्या स्नायूचे टेंडन बोटांकडे वळवतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे काम नावारूपाला आणले होते. अंतियांनी त्यासाठी मनगटातला पामॅरिस लाँगस वापरला आणि 1969 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा. मधोमध उठणारी बारीक दोरी ती हीच. काहींना ती नसतेच, पण त्यांचे काही अडत नाही.

वळवलेले टेंडन साधारण 3 आठवडे प्लास्टरमध्ये ठेवतात, मग व्यायामाने त्याला नवे काम शिकवतात. अपघातात तुटून शिवलेल्या बोटाला मात्र बहुधा पहिल्या आठवड्यातच, स्प्लिंटमध्ये आणि थेरपिस्टच्या देखरेखीखाली, हलकी हालचाल देतात. अजिबात हलवले नाही तर टेंडन चिकटते, जोर लावला तर तुटते. जड वजन साधारण 12 आठवडे उचलू नये. तंबाखू सोडावी, मधुमेह ताब्यात ठेवावा. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट्सची महाग इंजेक्शने व्यायामाची जागा घेऊ शकत नाहीत.

पुढे अंतिया रायगडमधील मांडव्याला गेले आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. 1990 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2007 मध्ये त्यांचे निधन झाले.

बोरीवलीतल्या रोजंदारीवरच्या माणसाला फिजिओथेरपीसाठीचा प्रत्येक खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून पहिल्याच भेटीत घरी करायचे व्यायाम नीट शिकून घ्या, घरच्या एखाद्यालाही सोबत आणा आणि ठरलेली तपासणी चुकवू नका.