नवजात बाळाची पहिली परीक्षा : डॉ. व्हर्जिनिया ॲपगार

गेल्या वर्षी आमच्या भाचीच्या बाळाच्या कागदांवर ‘ॲपगार ४, ८’ असे लिहिलेले दिसले. डॉक्टरांनी समजावले, पहिल्या मिनिटाला दहापैकी चार गुण, पाचव्या मिनिटाला आठ. हे ॲपगार कोण, म्हणून आम्ही शोध घेतला, तर त्या एक बाई निघाल्या. यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यांचेच चरित्र लिहीत आहोत.

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतील वेस्टफिल्ड येथे झाला. एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा सदा आजारी. १९३३ साली त्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. व्हायचे होते सर्जन. पण दिवस मंदीचे, स्त्री सर्जनला काम मिळणे कठीण आणि डोक्यावर शिक्षणाचे कर्ज. वरिष्ठांच्या सल्ल्याने त्या भूलशास्त्राकडे वळल्या. तेव्हा भूल देण्याचे काम बहुतेक परिचारिकाच करीत. त्याच क्षेत्रात राबून १९४९ मध्ये त्या तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या.

प्रसूतिगृहात त्यांना एक गोष्ट खटकत असे. सर्वांचे लक्ष आईकडे, बाळाकडे नीट पाहण्याची ठरलेली पद्धतच नव्हती. १९५२ साली त्यांनी ती मांडली आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्रिया आणि अंगाचा रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. उपकरण लागत नाही, खर्च नाही. आईला दिलेल्या भुलेचा बाळावर काय परिणाम होतो, हेही या गुणांमुळे तपासता आले.

पन्नाशीत, १९५९ साली, त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. पुढे ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेतर्फे जन्मजात व्यंगे आणि अपुऱ्या दिवसांची बाळे यांविषयी त्या अखेरपर्यंत लोकांना जागे करीत राहिल्या. त्या अविवाहित होत्या. व्हायोलिन वाजवीत, वाद्ये स्वतः घडवीत. ७ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

आता आमच्या घरचे. बाळंतपण माहेरच्या गावीच व्हावे, असा हट्ट आम्ही मामा म्हणून धरला होता. आठव्या महिन्यात भाचीचा रक्तदाब वाढला. गावच्या डॉक्टरीणबाईंनी आमचे ऐकले नाही, आधीच शहरात पाठवले. तेथे बाळ आले तेव्हा बालरोगतज्ज्ञ शेजारी उभे होते. गुण मोजण्याची वाट न पाहता त्यांनी लगेच श्वास दिला. चाराचे आठ झाले ते त्यामुळे.

गुण जन्मानंतर मिळतात, तयारी मात्र आधी करावी लागते. दिवस अपुरे असतील, जुळे असेल, आईला रक्तदाब वा मधुमेह असेल, तर बाळंतपण कोठे करावे हे डॉक्टरांना वेळेवर विचारावे. आमच्यासारखा हट्ट कोणी धरू नये. यंदा आरतीला ते बाळ आमच्या मांडीवर बसेल.

गणपती बाप्पा मोरया!