दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णा भाऊंना नेमक्या कुठल्या खान्यात बसवायचं? अभ्यासकांचं आजही एकमत नाही

१ ऑगस्ट आली की अण्णा भाऊ साठेंचे स्टेटस पडतात. कुणी त्यांना लोकशाहीर म्हणतं, कुणी कॉम्रेड, तर कुणी दलित साहित्याचा आद्य लेखक.

मग यातलं खरं कोणतं? त्यासाठी आधी माणूस बघावा लागतो.

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. १९२० साली इथल्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. हेच पुढचे अण्णा भाऊ. शाळा झाली जेमतेम दीड दिवस. पुढे वडिलांसोबत हे पोरगं पायी चालत मुंबईला आलं. हमाली केली, गिरणीत राबलं आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं बघत वाचायला शिकलं, असं सांगतात.

कामगारवस्तीत कम्युनिस्ट चळवळ भेटली. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' छक्कड गावोगाव गाजली.

इथूनच पहिला शिक्का बसला, शाहीर. फायदा असा की नाव घराघरात पोहोचलं. तोटा असा की तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिणारा कथाकार डफाच्या आवाजामागे झाकला गेला.

१९५९ मध्ये 'फकिरा' आली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा आणि इंग्रज सरकारशी भिडणारा मांग समाजातला नायक. वि. स. खांडेकरांनी प्रस्तावना लिहिली आणि १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं.

गंमत म्हणजे कम्युनिस्ट लेखकाची ही कादंबरी अर्पण केलेली आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना.

अभ्यासकांची गाडी अडते ती इथेच. मार्क्सवादी अंगाने वाचणाऱ्यांना त्यांच्या लिखाणात वर्गसंघर्ष दिसतो. आंबेडकरी अंगाने वाचणाऱ्यांना जातीचा प्रश्न आणि स्वाभिमान दिसतो. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन अण्णा भाऊंनीच केलं, हा त्यांचा भक्कम पुरावा. स्त्रीवादी अंगाने बघणारे 'वैजयंता'मधल्या तमाशा कलावंतिणीकडे बोट दाखवतात. तर काही समीक्षकांना त्यांच्या गोष्टी फारच नाट्यमय, रंजक वाटतात.

एक उदाहरण घेऊ. 'स्मशानातील सोनं' ही त्यांची कथा. वारणेकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो, दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. मग तो रात्री स्मशानात मढी उकरून सोनं शोधू लागतो. एके रात्री त्याची बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात. बोटं जातात, आणि नंतर कळतं की खाण पुन्हा सुरू झाली आहे.

आता ही गोष्ट बेकारीची म्हणायची, जातीची, की गाव सोडून आलेल्या माणसाची? फक्त बेकारी बघितली तर भीमा आकडेवारीतला एक मजूर उरतो. फक्त जात बघितली तर बंद पडलेली खाण विसरली जाते. आणि नुसती भयकथा म्हणून वाचली तर पोटातली भूकच निसटते.

शिक्के चुकीचे नाहीत, पण प्रत्येक शिक्का अर्धाच माणूस दाखवतो. अण्णा भाऊंच्या आयुष्यात जात आणि मजुरी वेगळ्या नव्हत्याच. वाटेगावात गावकुसाबाहेर राहणारा मुलगाच मुंबईत कामगार झाला होता. लिहितानाही त्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या नाहीत. त्या वेगळ्या केल्या आपण, वाचताना.

घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी बरीच वर्षं काढली, तिथेच बसून लिहिलं. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात हलाखीतच त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ४८.

आज त्यांच्यावर प्रबंध होतात, पुतळे उभे राहतात, टपाल तिकीटही निघालं. प्रत्येक गट म्हणतो, अण्णा भाऊ आमचे. त्यामुळे पुढच्या १ ऑगस्टला स्टेटस टाकण्याआधी त्यांची एक कथा वाचा. सुरुवात भीमापासून केली तरी चालेल.