भूमिहीनांचे कर्मवीर : दादासाहेब गायकवाड

रिपब्लिकन पक्ष म्हणजे फक्त बौद्धांचा पक्ष, असे नवी मुंबईत निवडणूक आली की सर्रास ऐकू येते. आपले अनेक तरुणही ते मान्य करून टाकतात. म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपण पुन्हा समजून घेतले पाहिजेत.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबे गावी झाला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि नाशिकची आघाडी त्यांनी पाच वर्षे सांभाळली. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिराचा लढा थांबला, पण दादासाहेब बाबासाहेबांसोबतच राहिले.

१९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. सर्व शोषितांना एकत्र आणणारा पक्ष हे बाबासाहेबांचे स्वप्न होते. दादासाहेबांनी त्यासाठी जमिनीचा प्रश्न हाती घेतला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीसाठी १९५९ मध्ये सत्याग्रह झाला. मागणी सर्वच जातींच्या भूमिहीनांसाठी होती. दुर्दैवाने त्याच सुमारास पक्षात फूट पडली.

दादासाहेब थांबले नाहीत. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर पुन्हा सत्याग्रह झाला. तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली. त्यांत लेकरे कडेवर घेतलेल्या आयाबहिणीही होत्या. भूमिहीनांना जमीन, किमान वेतन, झोपडपट्टीवासीयांचे प्रश्न, बौद्धांना सवलती आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा मागण्या होत्या. तैलचित्र लागले आणि केंद्रात बौद्धांना सवलती मिळाल्या त्या १९९० साली. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजीच आपल्यातून गेले होते.

१९६७ च्या काँग्रेसबरोबरच्या युतीबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आजही होते. ती चर्चा आपण जरूर करावी. पण पुढाऱ्यांच्या वाटाघाटी आठवायच्या आणि तुरुंगात गेलेली लाखो माणसे विसरायची, हा न्याय नव्हे.

ऐरोलीच्या बाबासाहेबांच्या स्मारकात आपण अभिमानाने जातो. तिथून दिघा आणि तुर्भ्याच्या झोपडपट्ट्या लांब नाहीत. तिथल्या घरांचा आणि कंत्राटी कामगारांच्या वेतनाचा प्रश्न १९६४ च्या मागण्यांशीच नाते सांगतो. तो एका धर्माचा नाही, एका जातीचाही नाही. गट कोणताही असो, हा प्रश्न जो हाती घेईल तोच दादासाहेबांचा वारसदार.

जय भीम!