कवटीत उच्चनीचता सापडली नाही : इरावती कर्वे
इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. मानववंशशास्त्र शिकायला त्या बर्लिनला गेल्या. गोरे बुद्धीने श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजू अधिक असमान, असे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाशी संबंध आढळला नाही आणि प्रबंधात त्यांनी तसेच लिहिले. फिशर पुढे नाझींच्या वंशवादाला विद्वत्तेचा आधार देत राहिले. इरावतीबाईंनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले, गुजरातेतील लांघणजचे प्राचीन सांगाडे अभ्यासले. १९७० साली त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांनीही १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मोजमापांवरून ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे मांडले. सांगाड्यावरून वय, लिंग, उंची यांचा अंदाज येतो, श्रेष्ठत्वाचा नाही. जन्माचा मोठेपणा सांगणाऱ्यांकडे आपण पुरावाच मागूया.